चिकूला लिफ्टबंदी करता येते का?

वाचकाचं पत्र

आदरणीय मॅडम, नमस्कार.

आम्ही मुलुंड पूर्वेला एका सात मजली सोसायटीत सहाव्या मजल्यावर राहतो. घर स्वतःचं आहे. चार वर्षांपूर्वी माझ्या मुलाने रस्त्यावरचं एक पिल्लू घरी आणलं. त्याचं नाव चिकू. आता मुलगा नोकरीसाठी बंगळुरूला गेला आणि चिकू आमच्याकडे राहिला. मी अठ्ठावन्न वर्षांची आहे. मिस्टर निवृत्त आहेत आणि त्यांचे गुडघे दुखतात. चिकू स्वभावाने गरीब आहे, पण अनोळखी माणसावर भुंकतो.

गेल्या महिन्यात सोसायटीच्या सभेत ठराव झाला. कुत्र्यांना लिफ्टमधून न्यायचं नाही, बाहेर काढताना तोंडाला जाळी बांधायचीच, आणि कुत्रा पाळणाऱ्यांनी मेंटेनन्सशिवाय दरमहा एक हजार रुपये वेगळे भरायचे. आमच्याकडे लिफ्ट एकच आहे. चौथ्या मजल्यावरच्या एक बाई गेटबाहेरच्या कुत्र्यांना खायला घालतात. त्यांच्यावरचा रागही आमच्यावर निघतो असं मला वाटतं. ठराव होण्याचं निमित्त असं झालं की तीन आठवड्यांपूर्वी दारात आलेल्या कुरियरच्या मुलाच्या पोटरीला चिकूचे दात लागले. थोडं रक्त आलं. आम्ही त्याला पाचशे रुपये दिले, तो काही न बोलता गेला.

मिस्टर म्हणतात, कटकट नको, कर्जतला ओळखीच्यांचं फार्महाऊस आहे, तिकडे सोडून येऊ. मला ते पटत नाही. खरं सांगायचं तर चिकूचं लायसन्स आम्ही कधी काढलं नाही आणि गेल्या वर्षीची रेबीजची लसही मुलाच्या बदलीच्या गडबडीत राहिली. सोसायटीला असं करता येतं का? कायदा कोणाच्या बाजूने आहे?

एक वाचक, मुलुंड पूर्व


उत्तर

नमस्कार ताई,

तुम्ही विचारलंय सोसायटीबद्दल, पण मी आधी त्या कुरियरच्या मुलाबद्दल बोलणार आहे. तुमच्या पत्रात त्याच्या वाट्याला जेमतेम तीन वाक्यं आली आहेत आणि माझं मन तिथेच अडकलं. ज्याची रेबीजची लस चुकली आहे असा कुत्रा एका माणसाला चावला, रक्त आलं, आणि तो माणूस पाचशे रुपये घेऊन पुढच्या डिलिव्हरीला निघून गेला. तो दवाखान्यात गेला की नाही, हे तुम्हाला माहीत नाही. आज संध्याकाळच्या आत ते माहीत करून घ्या. पार्सलच्या पावतीवर, मेसेजमध्ये किंवा गेटवरच्या रजिस्टरमध्ये त्याचा नंबर सापडेल.

चिकू आजही खातोपितो आहे, चालतोय, वागण्यात फरक नाही, असं मी धरून चालते. तसं असेल तर त्या चाव्यापुरती मोठी चिंता टळली आहे. कुत्र्याच्या लाळेतून रेबीज पसरत असेल तर साधारण दहा दिवसांच्या आत त्याच्यात लक्षणं दिसतात किंवा तो मरतो. म्हणून चावलेल्या कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायला सांगतात. तुमचे तीन आठवडे होऊन गेले आहेत. पण हे त्या मुलाला कोणी सांगितलंय? तो कदाचित अजून धास्तीत असेल. त्याला फोन करा, कुत्रा जिवंत आणि ठणठणीत आहे हे सांगा, तरीही डॉक्टरांना जखम दाखव म्हणा, आणि खर्च तुम्ही करा. लसीसाठी गेला असेल तर त्याचे जितके दिवस बुडाले त्याची मजुरीही द्या. त्याचं पोट रोजच्या फेऱ्यांवर असतं.

पुढे कधी असं घडलं तर काय करायचं तेही लिहून ठेवते, कारण बहुतेक घरांत घाबरून भलतंच केलं जातं. जखम वाहत्या नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची. खरोखर घड्याळ लावून पंधरा मिनिटं. हळद, चुना, मिरचीपूड यातलं काहीही लावायचं नाही. मग त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. पालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत, म्हणजे तुमच्या बाजूला घाटकोपरचं राजावाडी, पुढे शीव किंवा केईएम, तिथे रेबीजची लस मोफत मिळते. रक्त आलेली जखम तिसऱ्या, म्हणजे सगळ्यांत गंभीर श्रेणीत मोडते. तिला लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही लागतं आणि ते जखमेभोवती देतात. धनुर्वाताचं इंजेक्शन डॉक्टर बघून देतील. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की त्यावर उपचार जवळजवळ नाहीच. म्हणून ‘थोडंसं लागलं’ हे आपण आपल्या मनाने ठरवायचं नसतं.

यात कायदाही आहे आणि तो तुमच्या विरुद्ध उभा राहू शकतो. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्या कलम २९१ नुसार, आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर इजा होण्याचा संभव असेल आणि तो टाळायला पुरेशी काळजी घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. जुन्या दंड संहितेत हेच कलम २८९ होतं, तिथे दंड एक हजारापर्यंत होता. पोटरीच्या ओरखड्याला हे कलम लागतं का, यावर वकील वाद घालू शकतील. पण लस चुकलेली, लायसन्स नाही, आणि दार उघडताना कुत्रा मोकळा, या तीन गोष्टी समोर असताना ‘आम्ही पुरेशी काळजी घेतली’ हे तुम्हाला कोणापुढेही सांगता येणार नाही.

असे खटले मुंबईत खरोखर चालले आहेत. दक्षिण मुंबईत २०१० साली एका मालकाचा रॉटवायलर एका वयस्कर गृहस्थांना चावला. प्रकरण तेरा वर्षं चाललं आणि २०२३ मध्ये गिरगावच्या न्यायालयाने मालकाला तीन महिन्यांची शिक्षा सुनावली. दुसरी घटना वरळीची, २०१८ ची, आणि ती तुमच्या प्रश्नाच्या अगदी जवळची आहे. एक गृहस्थ लहान मुलाला घेऊन लिफ्टमध्ये होते. कुत्र्याला घेऊन आलेल्या शेजाऱ्याला त्यांनी थांबायला सांगितलं, तरी तो कुत्र्याला ओढत आत शिरला. कुत्रा चावला. २०२५ मध्ये त्या मालकाला चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. ‘थांबा’ म्हटल्यावर तो थांबला असता तर तिथे काहीच घडलं नसतं, म्हणून हा निकाल मला महत्त्वाचा वाटतो. लिफ्टमधून कुत्रा न्यायचा हक्क आणि लिफ्टमधल्या माणसाचं ऐकायची जबाबदारी एकाच वेळी तुमच्याकडे येतात.

आता तुमचा प्रश्न. सोसायटीला लिफ्टबंदी करता येते का? नाही.

प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० या कायद्याखाली भारतीय प्राणी कल्याण मंडळ स्थापन झालं. या मंडळाने २०१५ मध्ये सोसायट्या आणि रहिवासी संघांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांचा रोख स्पष्ट आहे. सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, सगळे सभासद एकमताने उभे राहिले तरी येत नाही. कुत्र्याची जात किंवा आकार पाहून भेद करता येत नाही. तो भुंकतो एवढ्या कारणावरून घालवून द्या म्हणता येत नाही. लिफ्टमधून अडवता येत नाही. दोन लिफ्ट असतील तर त्यातली एक वापरा असं सुचवता येईल, पण तुमच्याकडे आहेच एक. आणि लिफ्ट वापरल्याबद्दल किंवा कुत्रा आहे म्हणून वेगळी रक्कम लावता येत नाही. म्हणजे दरमहा हजार रुपयांचा ठराव टिकण्यासारखा नाही. मिस्टरांचे गुडघे दुखतात आणि घर सहाव्या मजल्यावर आहे, ही गोष्टही लेखी उत्तरात जरूर आली पाहिजे.

एक गोष्ट स्वच्छ सांगते, म्हणजे पुढे तुमची फसगत होणार नाही. मंडळाच्या या सूचना आहेत, संसदेने केलेला कायदा नव्हे. सोसायटीचा वकील सभेत नेमकं हेच बोलेल. त्याला उत्तर असं की सोसायटी ही सहकार कायद्याखाली नोंदलेली संस्था आहे, तिला तिच्या उपविधींनी दिले तेवढेच अधिकार आहेत, आणि सभासदाने घरात कायदेशीररीत्या प्राणी पाळू नये असं ठरवायचा अधिकार बहुमताने निर्माण होत नाही. शिवाय प्राणिमात्रांबद्दल दया बाळगणं हे राज्यघटनेच्या कलम ५१अ(छ) मध्ये नागरिकाचं मूलभूत कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या जलिकट्टू निकालात त्याला चांगलंच वजन दिलं.

मुसक्याचं, म्हणजे तोंडाच्या जाळीचं थोडं वेगळं आहे. मंडळाच्या सूचनांप्रमाणे सोसायटी पट्ट्याचा, लीशचा आग्रह धरू शकते, मुसकं सक्तीचं करू शकत नाही. पण ताई, इथे मी तुम्हाला हक्कावर अडून बसा असं सांगणार नाही. चिकू एकदा चावला आहे. पुढचे काही महिने जिन्यात, लिफ्टमध्ये आणि गेटपर्यंत तुम्ही आपणहून त्याला मुसकं घाला. फक्त ते टोपलीसारखं, आतून तोंड उघडता येईल असं घ्या. कुत्र्यांना आपल्यासारखा घाम येत नाही, ते जीभ काढून धापा टाकतात तेव्हा त्यांचं अंग थंड होतं. मुंबईच्या उकाड्यात तोंड आवळून बांधणारी कापडी पट्टी घातली तर त्याला त्रास होईल. बाजारात ती स्वस्त मिळते, म्हणून लोक तीच घेतात. तुम्ही घेऊ नका. घरात आधी रोज थोडा वेळ, आत खाऊ ठेवून सवय लावा.

लायसन्स. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ खाली शहरात कुत्रा पाळायला पालिकेचा परवाना लागतो. तो आता पालिकेच्या संकेतस्थळावरून मिळतो. पत्त्याचा पुरावा, कुत्र्याचा फोटो आणि रेबीजच्या लसीचं प्रमाणपत्र जोडायचं. दर वर्षी नूतनीकरण करायचं. देशी कुत्र्याला परवाना लागत नाही अशी बऱ्याच लोकांची समजूत आहे. ती चूक आहे. रस्त्यावरून आणलेलं पिल्लू तुमच्या घरात वाढलं की ते पाळीवच. चिकूला लस नाही म्हणजे परवानाही मिळणार नाही, त्यामुळे सुरुवात पशुवैद्याकडून. परवाना कोणाच्या नावावर काढायचा यात गफलत करू नका. आणला मुलाने, पण १९६० च्या कायद्याचं कलम ३ प्राण्याची काळजी ‘ज्याच्या ताब्यात तो आहे’ त्याच्यावर टाकतं. आज चिकू तुमच्या ताब्यात आहे. परवाना तुमच्या किंवा मिस्टरांच्या नावावर, मुलुंडच्या पत्त्यावर काढा. उद्या त्याला फिरवायला कोणी मुलगा ठेवलात, तरी त्याच्या हातून काही घडलं तर पहिली विचारणा तुम्हालाच होईल. म्हणून साखळी पेलणारा माणूस ठेवा.

पशुवैद्याकडे जाल तेव्हा आणखी दोन गोष्टी विचारा. पहिली लेप्टोची लस. पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिस मुंबईत दर वर्षी माणसांचे बळी घेतो. उंदरांच्या, गुरांच्या आणि कुत्र्यांच्याही लघवीतून तो जंतू साचलेल्या पाण्यात येतो. चिकूला लस असली तर तो स्वतः वाचतो आणि तुमच्या घरात तो आजार येण्याची वाटही बऱ्याच अंशी बंद होते. पायाला जखम असताना तुम्ही साचलेल्या पाण्यातून त्याला फिरवून आणलंत तर तुम्हीही तीन दिवसांच्या आत डॉक्टरांना दाखवा, प्रतिबंधक गोळी द्यायची की नाही ते ठरवतील. दुसरी गोष्ट नसबंदी. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ मध्ये पाळीव प्राण्याचं जंतनाशक, लसीकरण आणि नसबंदी ही मालकाची जबाबदारी म्हणून लिहिली आहे. नसबंदीने चिकूचं भुंकणं थांबेल असं मी सांगणार नाही, पण मादीच्या मागे सुटून पळणं आणि गेटबाहेरच्या नरांशी होणाऱ्या मारामाऱ्या बऱ्याच कमी होतात. खासगी दवाखाना परवडत नसेल तर परळला मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे. दोन्ही संस्था एकोणिसाव्या शतकापासून मुंबईची जनावरं बरी करताहेत.

सकाळ-संध्याकाळच्या फेरीबद्दल थोडक्यात. रस्त्यावर केलेली शी उचलणं हे कायद्याने तुमचं काम आहे. बृहन्मुंबई स्वच्छता व आरोग्य उपविधी, २००६ मध्ये ती न उचलणाऱ्या मालकाला पाचशे रुपये दंड ठरवला गेला. सोबत जुनी वर्तमानपत्रं आणि पिशवी ठेवा. मला विचाराल तर सोसायट्यांमधल्या निम्म्या तरी ठरावांचं मूळ गेटसमोर पडलेल्या त्या एका ढिगात असतं. माणसं ते तोंडावर बोलत नाहीत, सभेत हात वर करतात.

कर्जतच्या फार्महाऊसबद्दल मला मिस्टरांशीही बोलायचंय, म्हणून हा भाग त्यांना वाचून दाखवा.

काका, चार वर्षं सहाव्या मजल्यावर, माणसांच्या हातचं खाऊन वाढलेला कुत्रा तिकडे सोडला तर काय होतं ते मी ऐकून आणि पाहून आहे. फार्महाऊसचा मालक शनिवार-रविवार येतो. बाकीचे दिवस तिथे एखादा राखणदार असतो आणि त्याचे स्वतःचे कुत्रे असतात. गावातल्या कुत्र्यांची हद्द ठरलेली असते. नवा नर आला की ते त्याला फाडतात. पहिले काही दिवस तो फाटकापाशी बसून राहतो, मग बाहेर पडतो, घराचा रस्ता शोधायला हायवेवर येतो. तुम्हाला पुढचं कधीच कळत नाही, आणि न कळण्यामुळेच आपण चांगलं केलं असं वाटत राहतं. १९६० च्या कायद्याचं कलम ११ उपासमारीने किंवा तहानेने हाल होतील अशा स्थितीत प्राणी सोडून देणं हा गुन्हा मानतं. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये आहे. तो आकडा साठ सालचा आहे आणि अजून बदललेला नाही. पन्नास रुपयांवरून त्या कृत्याचं मोल ठरवू नका. त्याच कलमात नेहमी साखळीने बांधलेल्या किंवा कोंडलेल्या कुत्र्याला फिरायला न नेणं हाही गुन्हा आहे, म्हणजे ‘मग गॅलरीत बांधून ठेवू’ हाही मार्ग नाही.

तुमच्या वयात आणि गुडघ्यांच्या दुखण्यात रोज दोन वेळा कुत्रा फिरवणं कठीण आहे, हे मला समजतं. कुत्रा आवडत नाही म्हणून तुम्ही कर्जत म्हणत नाही, दमल्यामुळे म्हणता आहात. त्यावर खरा उपाय तुमच्या मुलाकडे आहे. चिकूला त्याने आणलंय. फिरवणाऱ्या माणसाचा पगार, लस, परवाना हा खर्च त्याने उचलावा. किंवा बंगळुरूत भाड्याचं घर शोधताना कुत्र्यासह राहता येईल असं शोधावं आणि त्याला घेऊन जावं. हे दोन्ही जमत नसेल, तर ओळखीत, समोर बसून, घर पाहून, लसीचे आणि परवान्याचे कागद हातात देऊन, एखाद्या कुटुंबाला चिकू देता येईल. तसं देणं वेगळं आणि गाडीतून उतरवून निघून येणं वेगळं.

गेटबाहेरच्या कुत्र्यांचा विषय सोसायटीने तुमच्या ठरावात मिसळला असेल तर तो वेगळा काढायला लावा. त्यांचे नियम निराळे आहेत. २०२३ च्या नियमांनुसार परिसरातल्या भटक्या कुत्र्यांना खाऊ घालण्याची जागा आणि वेळ ठरवून देणं ही सोसायटीची जबाबदारी आहे. ती जागा मुलांच्या खेळण्यापासून, जिन्यापासून, ये-जा करण्याच्या दारापासून लांब हवी. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात रस्त्यावर वाटेल तिथे खाऊ घालायला मनाई केली आणि त्यासाठी जागा ठरवायला सांगितल्या. नसबंदी आणि लसीकरण झालेले कुत्रे मूळ जागी सोडायचे, पण रेबीज झालेले किंवा आक्रमक असलेले नाही, असंही त्यात आहे. चौथ्या मजल्यावरच्या बाईंनी सोसायटीबरोबर बसून जागा ठरवून घ्यावी. त्यांचं भांडण त्यांच्या नावाने चालू दे. चिकूच्या नावावर ते चढवू नये.

कुत्र्यांवरून माणसं एकमेकांच्या अंगावर येणं मुंबईला नवीन नाही. १८३२ च्या जून महिन्यात इंग्रज सरकारने भटके कुत्रे मारायची मोहीम काढली, तेव्हा फोर्ट भागात पारशी समाज रस्त्यावर उतरला, बाजार बंद पडले आणि दंगल झाली. या शहरातली पहिली मोठी नोंदलेली दंगल म्हणून इतिहासकार तिचा उल्लेख करतात. जवळजवळ दोनशे वर्षं आपण याच जागेत माणूस आणि कुत्रा दोघांना बसवायचा प्रयत्न करतोय. जागा मात्र कमी कमी होत चालली आहे. म्हणून तुमच्या शेजाऱ्यांच्या भीतीला मी खोटी म्हणत नाही. एकच लिफ्ट, सव्वा मीटरचा पॅसेज, आणि समोरून कुत्रा. ज्याला लहानपणी कुत्रा चावलाय त्याच्या छातीत धडधडणारच.

म्हणून क्रम असा ठेवा. पशुवैद्याकडे या आठवड्यात जा. लस, प्रमाणपत्र, मग लगेच परवान्याचा अर्ज. कुरियरच्या मुलाचं काम त्याआधी. दाराला आतून जाळीचा दुसरा दरवाजा किंवा लहान मुलांसाठी लावतात तसं फाटक लावून घ्या, म्हणजे बेल वाजली तरी चिकू उंबऱ्यापर्यंत येणार नाही. माझ्या मते पुढचा चावा टाळणारी सगळ्यांत मोठी गोष्ट हीच आहे, कारण चिकू घराच्या दारात चावला आहे. अनोळखी माणूस आत यायला बघतोय आणि हे घर माझं, अशा वेळी बरेच कुत्रे बिथरतात.

हे झाल्यावर सेक्रेटरींना पत्र द्या. आधी नको. हातात कागद नसताना हक्काची भाषा केलीत, तर ते पहिला प्रश्न लायसन्सचा विचारतील आणि तिथेच तुम्ही गप्प व्हाल. पत्र मराठीत, साध्या शब्दांत, आणि चावलेली गोष्ट न लपवता लिहा. साधारण असं:

‘मा. सेक्रेटरी, स.न.वि.वि. आमच्या कुत्र्यामुळे घडलेल्या प्रकाराबद्दल आम्ही दिलगीर आहोत. जखमी व्यक्तीशी आम्ही संपर्क केला असून त्यांच्या उपचाराची जबाबदारी घेतली आहे. कुत्र्याच्या लसीकरणाचं प्रमाणपत्र व महापालिकेच्या परवान्याची प्रत सोबत जोडली आहे. यापुढे सामाईक जागेत कुत्रा आखूड लीशवर राहील व काही महिने आम्ही स्वेच्छेने मुसकं वापरू. लिफ्टमध्ये आधीपासून कोणी असल्यास त्यांच्या संमतीशिवाय आम्ही आत येणार नाही. मात्र लिफ्टबंदी, मुसक्याची सक्ती व दरमहा वेगळी आकारणी या तिन्ही गोष्टी भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचनांशी विसंगत असल्याने आम्हाला मान्य नाहीत. ठराव मागे घेण्यात यावा. सदर सभेची विषयपत्रिका व इतिवृत्ताची प्रत मिळावी, ही विनंती.’

पोच म्हणून दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का घ्या. विषयपत्रिका मी मुद्दाम मागायला सांगते. कुत्र्यांचा विषय सभेच्या सूचनेत आधी दिलेला होता की ऐनवेळी कोणीतरी उठून मांडला, हे तिच्यावरून कळेल. आर्थिक भार टाकणारा ठराव ऐनवेळच्या विषयांत घुसवला असेल तर तोही तुमच्या बाजूचा मुद्दा होईल. हजार रुपये बिलात लावून आले तर नेहमीचा मेंटेनन्स वेळेवर भरा आणि वेगळ्या रकमेबद्दल ‘हरकत नोंदवून’ लेखी कळवा. सगळंच बिल अडवून धरलंत तर थकबाकीदार म्हणून तुमचंच नाव पुढे येईल, आणि मूळ मुद्दा बाजूला पडेल.

त्या पत्राने भागलं नाही तर मुलुंड ज्यात येतं त्या टी विभागाच्या उपनिबंधक, सहकारी संस्था, यांच्याकडे तक्रार करता येते. सभासद आणि सोसायटीमधल्या वादासाठी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ९१ खाली सहकार न्यायालय आहे. कोणी चिकूला दगड मारला, विष घातलं किंवा वॉचमनकरवी हाकलून लावलं, तर तिथे उपनिबंधकांची वाट बघायची नाही, थेट पोलीस ठाण्यात जायचं. प्राण्याला मारणं, विष देणं, निकामी करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली गुन्हा आहे आणि त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. लिफ्टपाशी कोणी अडवलं तर वाद घालू नका, तारीख-वेळ लिहून ठेवा, शक्य असेल तर साक्षीदाराचं नाव.

पण मला वाटतं तिथपर्यंत जावं लागणार नाही. बहुतेक कमिट्यांना कोर्ट नको असतं. कोणीतरी जबाबदारी घेतली आहे, एवढं त्यांना दिसायला हवं असतं. पत्र देण्याआधी मिस्टरांनी आणि तुम्ही मिळून एकदा चेअरमनच्या घरी जा. चिकूला नेऊ नका. लसीचं प्रमाणपत्र न्या.

महिनाभरात सेक्रेटरींचं उत्तर आलं नाही, किंवा दंडाची नोटीस आली, तर विषयपत्रिका, इतिवृत्त आणि नोटीस यांच्या प्रती मला पाठवा. उपनिबंधकांकडे द्यायच्या अर्जाचा मसुदा मी करून देईन.